हतनूरची सवय समुद्रात नेऊ नका: छोट्या होडीतून मासे धरायला जाताना या चुका टाळा

दिवाळी उरकली की माझ्याकडे फोन सुरू होतात, जळगावहून, धुळ्याहून, शिरपूर-चोपड्याकडून. आम्ही चार-पाच जण समुद्रावर चाललोय, छोटी होडी ठरवलीये, दिवसभर मासे धरायचेत, तर भाऊ रॉड कोणता घेऊ. मग रील किती हजाराची, मग दोरी ब्रेडची (बारीक धाग्यांची विणलेली) का तंगूस (एकपदरी नायलॉन). हे सगळं विचारतात. त्या दिवशी भरती किती वाजता आहे हे आजवर एकानेही आधी विचारलेलं नाही. आणि परत आल्यावर ज्या तक्रारी ऐकतो, मासाच लागला नाही, होडी अडकली, तांडेल (होडी चालवणारा) ओरडला, त्यातल्या निम्म्या तरी या एका न विचारलेल्या प्रश्नातून निघालेल्या असतात. दरवर्षी फोनवर तेच तेच सांगून थकलोय म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मी तापीकाठचा. आमच्याकडचा माणूस मासे धरायला शिकतो तो धरणावर, हतनूर, वाघूर, गिरणा, नाहीतर नवापूरकडे उकाईच्या बॅकवॉटरला. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसायचं, गळाला कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ लावायचं आणि रोहू-कटल्याची वाट बघायची. चांगली शाळा आहे ती, धीर शिकवते. पण धरणाचं पाणी जिथं आहे तिथं असतं. सकाळी जिथून ट्यूब सोडली तिथंच संध्याकाळी परत लागते. खाडीत सकाळी ज्या जागी होडी तरंगत होती त्याच जागी दुपारी कुत्री फिरत असतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्या खान्देशी माणसाला पटत नाही. आपलीच तापी घ्या, मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहत जाते आणि सुरतच्या खाली समुद्राला मिळते, तिथल्या शेवटच्या पट्ट्यात हीच तापी दिवसातून दोनदा उलटी वाहते. भुसावळच्या पुलावरून बघणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

रविवार बघून जाता, पाणी बघून जात नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिणार आहे.

भरती दिवसातून साधारण दोनदा येते, दोन भरत्यांमधे बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास जातात, म्हणून रोज ती जवळपास पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे तुमचा मित्र गेल्या रविवारी सकाळी सातला गेला आणि त्याला मजबूत मासे मिळाले म्हणून तुम्ही या रविवारी सातला गेलात तर तुम्हाला नेमकं उलटं पाणी मिळणार. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली उतरते, पाण्याला ओढ प्रचंड. अष्टमीच्या पुढे एक-दोन दिवस भांग असतो, तेव्हा पाणी थोडंच वर-खाली होतं आणि ओढही कमी. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणकडे त्याच्या जवळपास निम्मं असतं, आणि उत्तरेला पालघर सोडून खंभातच्या आखाताकडे जाल तसं वाढत वाढत भावनगरला दहा मीटरच्या आसपास पोचतं. आपल्या धुळे-नंदुरबारच्या लोकांना जवळ पडतो तो डहाणू-बोर्डीचा पट्टा, म्हणजे आपण नेमके जास्त पाण्याच्या किनाऱ्यावर जातो आणि कमी तयारीने जातो.

वेळ काढायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेवढ्या वाजता दिवसाही पूर्ण भरती आणि रात्रीही, आणि त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. मुंबई-पालघरच्या बाजूला हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे बसतो. तिथीचं कॅलेंडर आपल्याकडे प्रत्येक घरात भिंतीवर लटकलेलं असतं, चतुर्थी-एकादशीचे उपास आपण त्यावर बघतो, तर निघायच्या आधी तिथंच ही पाऊणपट करायला किती वेळ लागतो? मग खात्रीसाठी छापील तक्ता किंवा मोबाईलवरचं भरतीचं टेबल बघा, तांडेलला विचारा. पण स्वतःला हिशोब आला पाहिजे, म्हणजे तांडेल "चारला आत यायचं" म्हणतो ते का म्हणतो ते कळतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. आम्ही पाच जण होतो, डिसेंबर महिना, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, वद्य द्वितीया. म्हणजे भरती दुपारी दीडची. पालघर जिल्ह्यातली एक खाडी, नाव घेत नाही. सकाळी दहाच्या सुमारास चढत्या पाण्यावर निघालो, तांडेलकाका साठीचे, कमी बोलणारे, त्यांनी धक्क्यावरच सांगितलं की चारला जाळं-गळ जे असेल ते गुंडाळायचं आणि साडेचारच्या आत खाडीच्या तोंडातून आत शिरायचं. आम्ही हो हो म्हटलं. दुपारी दोन तास काही नाही, एखादा ढोमा, एक शिंगाळा, आणि पाणी उतरायला लागलं तसं साडेतीनला एकदम मासा चालू झाला. तांब लागली, परत तांब, मग ढोमे एकामागून एक. चार वाजले, काका म्हणाले चला. आमच्यातला एक म्हणाला, "काका, दहा मिनिटं." सव्वाचार झाले. मग दुसरा अमळनेरचा मित्र, त्याला तोपर्यंत काहीच लागलं नव्हतं, तो मला आपल्या भाषेत म्हणतो, "आरे भो, आर्धा तासमा काय फरक पडी?" आणि मी, जो त्या पाच जणांत जरा जाणता समजला जात होतो, मी काकांना म्हटलं, होऊ द्या काका अर्धा तास, त्याला एक तरी मिळू द्या. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे, काही बोलले नाहीत. पाच वाजता निघालो आणि पावणेसहाला खाडीच्या तोंडावरच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या गाळ-वाळूच्या उंचवट्यावर, होडी बसली. खर्रकन आवाज आला आणि इंजिनाने गाळ उडवला, काकांनी लगेच बंद केलं.

आम्ही वाट बघायला लागलो की आता सुटेल, मग सुटेल. ती कशी सुटणार? पाणी अजून उतरत होतं, ओहोटी पावणेआठची. जेवढा वेळ पाणी उतरणार तेवढाच वेळ त्याच उंचीवर परत चढायला लागणार, म्हणजे पावणेआठपर्यंत दोन तास आणि पुढचे दोन तास. रात्री पावणेदहा. आणि अगदी तसंच झालं. सहाला सूर्य गेला, होडी एका अंगावर कलंडली, सगळीकडे चिखल आणि मधून एक पाण्याची बारीक वाट. टॉर्च नव्हती, प्यायचं पाणी दुपारीच संपलेलं, थंडी वाजायला लागली कारण कपडे भिजलेले. आमच्यातल्या एकाने ठरवलं की समोर दिवे दिसतायत, तीनशे पावलं असतील, चालत जातो. पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला. आपल्या कपाशीच्या वावरात पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, जड होते, पण खाली कुठेतरी टणक लागतं. खाडीचा गाळ तसा नाही, तो पाय धरून ठेवतो आणि हलाल तसं खाली नेतो, आणि त्यावर भरती येते. काकांनी आणि मी मिळून त्याला वल्ह्याच्या आधाराने वर ओढला, चप्पल आतच राहिली. त्या चार तासांत काका आम्हाला एक शब्द रागावून बोलले नाहीत आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली, कारण घरी त्यांची माणसं वाट बघत होती आणि चूक माझी होती.

तेव्हापासून माझा नियम: आत येताना पाणी चढतं असलं पाहिजे. चढत्या पाण्यात होडी कुठे टेकली तर पंधरा मिनिटांत पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर ती तिथंच राहिली. उतरत्या पाण्यातच यायची वेळ असेल तर तांडेल सांगेल त्याच्या अर्धा तास आधी मी स्वतः दोर गुंडाळतो, मासा कितीही चालू असो. नवीन माणसाला मी उधाणात नेतच नाही. अष्टमी ते एकादशीच्या दरम्यानचा दिवस धरा, भांगात ओहोटीलाही खाडीत बऱ्यापैकी पाणी राहतं, ओढ कमी म्हणून गळ तळाला टिकतो आणि पाणीही कमी गढूळ. जाणकार म्हणतील उधाणात मासा जास्त हलतो. हलतो, मान्य आहे, पण तो तुमच्यासाठी नाही, निदान पहिल्या पाच-सहा फेऱ्यांना तरी नाही.

आणि याच्याच पोटातली दुसरी चूक. पाणी थांबलेलं असतं, म्हणजे भरती पूर्ण झाली आणि अजून उतरायला लागली नाही, तेव्हा पोरं कंटाळतात आणि दर दहा मिनिटांनी तांडेलला जागा बदलायला लावतात. थांबलेल्या पाण्यात बहुतेक वेळा मासाही थांबतो. पाणी चालायला लागलं की कोळंबी, बारकी मासळी वाहायला लागते आणि तिच्यामागे जिताडा, तांब येतात. त्या मधल्या वेळात डबा खा, गाठी तपासा, गप्प बसा. धरणावर सहा सहा तास एका जागी बसणारा माणूस समुद्रात आल्यावर इतका उतावळा का होतो मला कळत नाही. बहुतेक पैसे देऊन होडी घेतलीये म्हणून. पण होडी म्हणजे शेअर रिक्षा नाही.

मासा लागला की सगळे उभे राहता

ही माझी दुसरी नावडती चूक, आणि ही जीव घेऊ शकते.

जानेवारीतली गोष्ट, होडी सोळा-सतरा फुटी, एफआरपीची म्हणजे फायबरची, मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन. आम्ही चौघं आणि तांडेल. माझ्या मेहुण्याचा मुलगा पहिल्यांदाच आलेला, कॉलेजात शिकतो, आणि त्यालाच जिताडा लागला. मासा पाण्यावर आला, डोकं हलवलं, चार किलोचा तरी असेल. पोरगा उभा राहिला. बाजूचा व्हिडिओ काढायला उभा राहिला, तिसरा जाळी घेऊन त्याच बाजूला आला, आणि मीही अर्धवट उठलो. चार माणसांचं वजन एका काठावर आणि तेही उंचावर, आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या बाजूने लाट आली. काठ पाण्याला लागला आणि पाणी सरळ आत आलं, घोट्यापर्यंत. बर्फाची पेटी घसरली ती जाळीवाल्याच्या पायावर. तांडेल जीव तोडून ओरडला, "खाली बसा, बसा खाली!" आम्ही जिथं होतो तिथं बसलो तेव्हा कुठे होडी सरळ झाली. दोरी काठावर घासून तुटली, मासा गेला, एक मोबाईल गेला. पोराचा चेहरा पांढरा पडलेला.

नंतर मी मोजलं. होडीत लाइफ जॅकेट पाच होती, अंगात दोन. बाकीची तीन आम्ही बसायला खाली घेतली होती, टोचत होतं म्हणून. तेव्हा एखादा पडला असता तर पाण्यात ते जॅकेट घालता येतं का कधी प्रयत्न करून बघा, हतनूरच्या कडेला छातीभर पाण्यात उभं राहून बघा. मी बघितलंय. पोहता येत असेल तरी मुश्किल, आणि ओढीच्या पाण्यात होडी तोपर्यंत लांब गेलेली असते. "मला पोहता येतं" हे वाक्य मी तापीत डुंबून मोठ्या झालेल्या माणसांकडून सगळ्यात जास्त ऐकतो. तापीत पोहता येतं म्हणजे काठ जवळ असताना पोहता येतं.

आता माझ्या होडीत असं चालतं. जॅकेट धक्क्यावरच घालायचं, पट्टे लावून, आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढायचं, ज्याला नको असेल त्याने चहाच्या टपरीवर थांबावं. कोण कुठे बसणार हे निघतानाच ठरतं आणि वजनदार माणसं मधे. एका वेळी दोघांचेच गळ पाण्यात. मासा लागला की ज्याला लागला तो बसूनच ओढतो, तांडेल किंवा एकच ठरलेला माणूस जाळी धरतो, बाकीचे हात मांडीवर. मासा दोरीने उचलून आत घ्यायचा नाही, जाळीतच घ्यायचा. व्हिडिओ बसून काढा, चांगला येतो, हलत नाही.

नांगराचंही इथंच सांगून टाकतो. नांगर नेहमी पुढून, नाळेकडून. मागून टाकला की इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली बाजू ओढीच्या तोंडाला येते आणि प्रत्येक लाट आत शिरते. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडायचा. तीन मीटर पाण्यात पाच मीटर दोर सोडून "नांगर धरतच नाही" म्हणणारे बघितलेत मी. हतनूरला दगड बांधून टाकला की ट्यूब थांबते हो, इथं तळाशी आडवा ओढ बसला तरच नांगराचे दात रुततात.

वारा

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात सगळ्यांनी, चार मार्कांना असायचे. होडीत बसल्यावर विसरतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून हलका मतलई असतो, समुद्र तेलासारखा, आणि लोकांना वाटतं दिवसभर असाच राहील. बारा-एकनंतर समुद्राकडून खारा वारा उठतो आणि पाणी फुटायला लागतं. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर जात असेल आणि वारा आत येत असेल तर दोघांच्या टकरीत खाडीच्या तोंडावर लाटा अशा उभ्या राहतात की छोटी होडी धड चालत नाही. म्हणून तिथी मानवत असेल तर मी पहाटेच निघतो आणि दुपारच्या आत परत. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघतो, आणि सकाळी तांडेल नाही म्हणाला तर नाही. इथं वाद घालू नका. तुम्ही शिरपूरहून रात्रभर गाडी चालवून आलात याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही नंबर फोनमधे टाकून ठेवा, आणि किती वाजता परत येणार ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा.

मे महिन्यात पोरांना सुट्ट्या म्हणून निघू नका, शेवटी शेवटी समुद्र खवळायला लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदीच असते, तो माशांचा अंडी घालायचा काळ, आणि त्या दिवसात कोणी पैशासाठी गुपचूप न्यायला तयार झाला तरी जाऊ नका. मी नारळी पौर्णिमेच्या आधी किनाऱ्याकडे बघत पण नाही, खरं तर नोव्हेंबरपर्यंत नाही.

पोट आणि ऊन

आदल्या रात्री ढाब्यावर झणझणीत शेवभाजी, वर पहाटे दोन चहा आणि मग होडीत डिझेलचा वास. उलटी होणारच. आणि झाल्यावर गोळी मागतात. ती गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, नंतर घेतली तर पोटात टिकतच नाही, आणि झोप येते तिने, म्हणून आधी डॉक्टरला विचारून ठेवा. रात्री साधं जेवा, वरण-भात. सकाळी उपाशी पण निघू नका, मी दोन केळी खातो, आपल्या जळगावची, आणि आल्याचा तुकडा तोंडात. मळमळलं की मोबाईलमधे किंवा गळाच्या गाठीत बघायचं बंद करा, लांब किनारा नाहीतर क्षितिज बघा, होडीच्या मधल्या भागात बसा.

उन्हाचं म्हणाल तर आम्ही भुसावळचे, मे महिन्यात ४५ अंश काढतो, असं छाती ठोकून सांगणारे संध्याकाळी नाकाचं साल काढत बसलेले असतात. समुद्रात वारा लागतो म्हणून ऊन कळत नाही, आणि ते वरून येतं तसं पाण्यावरून उलटंही येतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला आणि मानेला रुमाल, माणशी तीन लिटर पाणी.

सामान, थोडक्यात

रॉडवर पैसे घालवायच्या आधी शिसं वेगवेगळ्या वजनाचं घ्या. धरणावर पंधरा ग्रॅमचं पुरतं, खाडीच्या ओढीत शंभर ग्रॅमचंही कधी कधी वाहून जातं. कणकेचा गोळा घरी ठेवा, ढोमा, तांब, जिताडा हे शिकारी मासे, त्यांना कोळंबी, माकूल, बांगड्याचा तुकडा पाहिजे, आणि तो बर्फात ठेवलेला, उन्हात मऊ पडलेली कोळंबी पाण्यात पडताच गळावरून निघून जाते आणि तुम्ही तासभर रिकामा गळ धरून बसता. तंगूसची गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तिथंच कमजोर होते. इंटरनेटवरच्या दहा गाठी शिकू नका, एक शिका आणि डोळे मिटून बांधता आली पाहिजे. ब्रेडची दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापते, खरोखर कापते. ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढेल तेव्हा रील दोरी सोडेल ते, होडीत बसल्यावर अंदाजाने नाही, घरी लटकवायच्या काट्याला दोरी बांधून लावा, वीस पाउंडाच्या दोरीला दोन ते तीन किलोच्या मधे सुटली पाहिजे. माशाने ओढलं की घाबरून ड्रॅग आवळणारे नवीन लोक बघितले की मला राहवत नाही, अरे सुटू दे ना दोरी, त्यासाठीच तर ती भरलीये.

शिंगाळा गळावरून काढताना पक्कड वापरा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एक एक असे तीन काटे, त्यात विष. आपल्याकडच्या शिंगटीचा काटा खाल्लेला माणूससुद्धा इथं फसतो कारण हा मासा मोठा, काटाही मोठा. लागलाच तर जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, तासभर तरी, उष्णतेने ते विष मोडतं आणि ठणका उतरतो, मग दवाखाना. बर्फ लावू नका. पाकट लागली तर दोरी कापून सोडून द्या, शेपटीशी खेळू नका. आणि फुग्यासारखा फुगणारा केंड पोरांना गंमत वाटते, तो खायचा नाही, शिजवूनसुद्धा त्याचं विष जात नाही.

बारके मासे परत सोडा, ओल्या हाताने धरून. राज्याने बऱ्याच जातींची किमान लांबी ठरवून दिलीये, पण नियम नसता तरी बोटभर तांब धुळ्याला नेऊन काय करणार आहात?

परतीचा प्रवास

आपल्या लोकांची ही खास अडचण, किनाऱ्यावरच्यांना नसते. बोर्डीहून हायवेने सुरतच्या बाजूला वर जाऊन नवापूरमार्गे धुळे, पुढे जळगाव, म्हणजे मासा आठ-दहा तास गाडीत. होडीत मासा प्लास्टिकच्या पिशवीत पायाशी टाकून ठेवतात आणि धक्क्यावर आल्यावर बर्फ शोधतात. तोपर्यंत चार तास झालेले असतात. बांगडा, कुपा यांच्या मांसात उष्णतेने हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि लोक म्हणतात समुद्राचा मासा आम्हाला पचत नाही. मासा वाईट नव्हता, तुम्ही तो तापवला.

मी निघतानाच बर्फ घेऊन चढतो. मासा आला की लगेच बर्फात, धक्क्यावर पोट आणि कल्ले साफ, मग थर्माकोलच्या पेटीत एक थर बारीक फोडलेला बर्फ, एक थर मासा, वजनाला वजन. पेटीच्या तळाला भोक पाडलेलं असतं, त्याला बूच. नवापूरला चहाला थांबलो की बूच काढून साचलेलं पाणी सोडतो आणि बर्फ परत भरतो, मासा त्या पाण्यात भिजत राहिला की बेचव होतो. रील तोपर्यंत डिकीत नाही, माझ्या पायाशी, कारण तिला मी धक्क्यावरच ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका हात मारलेला असतो, जोराच्या पाईपने धुतली तर मीठ आणखी आत जातं. घरी आल्यावर फडक्याने पुसून ड्रॅग सैल करतो आणि सावलीत वाळत ठेवतो. गेल्या वर्षी पारोळ्याच्या एका मित्राने महागातली रील तशीच कव्हरमधे ठेवली, संक्रांतीनंतर काढली तर हँडल फिरेना, आत सगळं पांढरं. ती माझ्याकडे आणून दिलीये त्याने, अजून अर्धी उघडून टेबलावर पडलीये, एक बेअरिंग निघायला तयार नाही.